सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात जपानचा विषय निघाला होता. भूकंप झाले, ज्वालामुखी झाले, बुलेट ट्रेन झाली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘बाई, ते लोक कच्चे मासे खातात ना? सुशी?’’ आणि साऱ्या वर्गातून एका सुरात ‘ईऽऽ’ असा आवाज उठला. खरे सांगायचे तर माझ्याही तोंडून अर्धा ‘ई’ निघालाच होता. त्याच वेळी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने आपला डबा दप्तरात खोल सरकवला. अलिबागच्या आजीने पाठवलेल्या सोड्यांची खिचडी आज डब्यात आहे, हे तिने सकाळीच मैत्रिणीला आनंदाने सांगितले होते.

तास संपला, पण तो डबा काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी स्वतः शाकाहारी. दोन वर्षांपूर्वी क्योतोला शिकणाऱ्या भाचीकडे तीन आठवडे राहून आले होते. सुशीबद्दल तिथे जे पाहिले, आल्यावर जे वाचले, ते तुम्हाला सांगायचे राहूनच गेले होते. आज सांगते.

पहिली गोष्ट शब्दाची. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत ‘साशिमी’ म्हणतात. ‘सुशी’ हा शब्द जुन्या जपानीतल्या ‘आंबट’ या अर्थाच्या विशेषणावरून आला, असे मानले जाते. म्हणजे नाव माशाचे नाही, चवीचे आहे. आजही सुशीतून मासा काढून टाकला आणि काकडी ठेवली तरी ती सुशीच राहते. आंबट भात काढून टाकला, तर मात्र ती सुशी राहत नाही.

भात फेकून द्यायचा, मासा खायचा

हा भात आंबट का, याचे उत्तर शोधायला जपान सोडून बरेच दक्षिणेला जावे लागते. आग्नेय आशियात मेकाँग नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजचा लाओस आणि ईशान्य थायलंड या भागात, पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून मासे येतात. तेव्हा इतके मासे मिळतात की खाऊन संपत नाहीत, आणि उन्हाळ्यात एकही मिळत नाही. मग साठवायचे कसे? इशिगे नाओमिचि या जपानी मानववंशशास्त्रज्ञांनी या भागात फिरून अभ्यास केला आणि सुशीचे मूळ याच भातशेतीच्या प्रदेशात असावे असे मत मांडले. तिथे मासा मिठात मुरवून शिजवलेल्या भातात दडपून ठेवण्याची पद्धत आजही आहे. थायलंडमध्ये ‘प्ला सोम’ म्हणजे शब्दशः ‘आंबट मासा’ मिळतो. फिलिपाईन्समध्येही मासा भातात आंबवतात.

आता यातले विज्ञान पाहा. दूध विरजले की दही होते, कारण दुधातल्या साखरेवर जीवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की नासवणाऱ्या इतर जीवाणूंचे फावत नाही. माशात प्रथिने भरपूर, पण साखर जवळजवळ नाही. म्हणून मासा आपोआप विरजत नाही, तो सडतो. त्याला आम्ल हवे असेल तर साखर बाहेरून पुरवायला हवी, आणि ती पुरवतो भात. भातातल्या पिष्टाची साखर होते, साखरेचे आम्ल होते, आम्ल माशात मुरते. आधी लावलेले मीठ माशातले पाणी ओढून घेते आणि आम्ल तयार होईपर्यंतचे दिवस सांभाळते. ज्या कोणी गृहिणीने किंवा कोळ्याने हे पहिल्यांदा केले, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. इडलीचे पीठ रात्रभर झाकून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांनाही ते कुठे ठाऊक होते?

हा झालेला आंबट लगदा काढून टाकायचा आणि आतला मासा खायचा, अशी मूळ रीत. म्हणजे आज ज्या भाताला सुशीचा प्राण म्हणतात, तो सुरुवातीला लोणच्याच्या बरणीतल्या खारासारखा होता, साठवणीचे साधन.

चीनमध्ये सहाव्या शतकातल्या ‘ची-मिन-याव-शू’ या शेतीविषयक ग्रंथात अशा माशाची सविस्तर कृती आहे. पुढे चीनमधून हा पदार्थ हळूहळू मागे पडला, पण तोवर तो समुद्र ओलांडून जपानला पोचला होता. जपानमध्ये तो चक्क सरकारी कर म्हणून भरला जाई! नारा ही राजधानी असताना, म्हणजे आठव्या शतकात, प्रांतांतून आलेल्या मालाला लाकडी पट्ट्या बांधत. उत्खननात सापडलेल्या अशा पट्ट्यांवर सुशीचा उल्लेख आहे. इ.स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या राज्यकारभाराच्या संहितेतही कोणत्या प्रांताने कोणती सुशी पाठवावी याच्या नोंदी आहेत. महिनोन्महिने टिकणारी वस्तू नसती, तर ती डोंगरदऱ्या ओलांडून राजधानीला कशी पोचली असती?

ही मूळ सुशी अजून जिवंत आहे. क्योतोच्या शेजारी बिवा नावाचे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर आहे, सुमारे ६७० चौरस किलोमीटर. तिथे ‘फुनाझुशी’ करतात. वसंतात गाभोळीने भरलेला ‘निगोरोबुना’ जातीचा मासा पकडतात. पोट न चिरता कल्ल्यांच्या बाजूने आतले सारे काढतात, काही महिने मिठात दडपतात, भर उन्हाळ्यात धुऊन भाताच्या थरांत पिंपात रचतात आणि वर दगड ठेवतात. नवीन वर्षापर्यंत किंवा त्याहूनही जास्त काळ पिंप तसेच राहते. हा मासा फक्त याच सरोवरात आढळतो. परदेशी शिकारी मासे सरोवरात शिरल्यामुळे आणि काठची वेतवने कमी झाल्यामुळे तो दुर्मीळ झाला आहे, म्हणून फुनाझुशी आता बरीच महाग पडते.

आमच्या घरी ‘हे’ मूळचे रत्नागिरीचे, मासे खाणारे. त्यांनी एक काप घेतला. मी शेजारी बसून फक्त वास घेतला. अगदी आंबून गेलेले दही आणि जुने चीज एका डब्यात ठेवावे तसा वास होता. ते दोन मिनिटे गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘आणखी एक घेतो.’’ मी विचारले, ‘‘आवडले?’’ तर म्हणाले, ‘‘ठरवायला वेळ लागेल.’’

घाई झाली, सिरका आला

वर्षभर थांबायला कोणाला आवडते? पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास लोक पिंप लवकर उघडू लागले. मासा अर्धवट मुरलेला आणि भात नुकता आंबूस. असा भात फेकवेना, म्हणून तोही खाऊ लागले. पुढे एदोच्या काळात कोणीतरी विचार केला असावा, की आंबटपणाच हवा तर जीवाणूंची वाट कशाला पाहायची? भातात सरळ तांदळाचा सिरका घालावा. अशी झटपट सुशी आली. जीवाणूंनी वर्षभर केलेले काम चमचाभर सिरक्याने क्षणात केले, अर्थात चव तितकी खोल नव्हती.

आजच्या तोकियोचे जुने नाव एदो. अठराव्या शतकात तिची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. बांधकामावरचे मजूर, कारागीर, एकटे राहणारे पुरुष, सगळ्यांना घाईत पोट भरायचे. रस्त्यावर गाड्या लागत, तिथे उभ्याउभ्या खाऊन पुढे जायचे. आपल्या सराफ्याची आठवण झाली की नाही? इथेच १८२० च्या दशकात हाताने दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली ‘निगिरी’ सुशी लोकप्रिय झाली. हानाया योहेई (१७९९–१८५८) या दुकानदाराचे नाव तिच्याशी जोडले जाते. त्याच सुमारास ओवारी प्रांतातल्या हांदा गावी नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ पासून साके या मद्याच्या चोथ्यापासून स्वस्त, तांबूस सिरका करायला घेतला होता. एदोच्या गाड्यांवर तो खूप खपला. तेव्हाची निगिरी आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी असे.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो मुद्दा. या गाड्यांवरचा मासा बहुतेक कच्चा नसेच. बर्फ नव्हता, शीतकपाट नव्हते. म्हणून मासा मीठ लावून सिरक्यात बुडवलेला असे, नाहीतर सोया सॉसमध्ये मुरवलेला, उकडलेला किंवा शिजवून आटवलेला. ट्यूनाचा चरबीदार भाग, जो आज सर्वांत महाग विकला जातो, तो तेव्हा लवकर खराब होतो म्हणून कोणी विचारत नसे. कच्चा मासा सुशीवर सर्रास दिसू लागला तो बर्फ आणि शीतपेट्या आल्यावर. सुशीच्या हजार-बाराशे वर्षांच्या जपानी इतिहासात तो अगदी अलीकडचा पाहुणा आहे. सामन माशाचे तर त्याहून नवल. परजीवींच्या भीतीने जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सामन विकण्यासाठी जपानमध्ये मोहीम काढली, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. आज लहान मुलांची ती सर्वांत आवडती सुशी!

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि १९४७ मध्ये खाणावळी बंद करण्याचा हुकूम निघाला. तोकियोच्या सुशीवाल्यांनी त्यातून वाट काढली. गिऱ्हाइकाने एक ‘गो’ (सुमारे दीडशे ग्रॅम) तांदूळ घरून आणायचा, सुशीवाल्याने मजुरी घेऊन त्याच्या दहा सुश्या करून द्यायच्या. म्हणजे आम्ही अन्न विकत नाही, फक्त करून देतो! आपण गिरणीत दळण टाकतो, अगदी तसेच. एका माणसाची सुशी म्हणजे साधारण दहा नग, हा हिशोब तेव्हाचा.

त्यानंतर १९५८ मध्ये शिराइशी योशिआकी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचे पहिले दुकान काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर अशी दुकाने देशभर पसरली आणि सुशी सामान्य माणसाच्या खिशात परत आली.

वाटेवरचा डबा

आपले इंदूर समुद्रापासून दूर, तसेच क्योतोही. तिथे ताजा समुद्री मासा येणार कुठून? उत्तरेच्या किनाऱ्यावर वाकासा प्रांतात ओबामा नावाचे बंदर आहे (हो, तेच नाव, पण अमेरिकेच्या माजी अध्यक्षांशी त्याचा संबंध नाही). तिथून बांगड्याच्या जातीचा ‘साबा’ मासा पकडल्याबरोबर मीठ लावून पाठीवरच्या टोपल्यांतून क्योतोला नेत. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, वाटेत घाट. आपल्याकडून सिमरोळचा घाट उतरून ओंकारेश्वराला चालत जावे तेवढे. माणसे रात्रंदिवस चालत आणि क्योतोला पोचेपर्यंत मीठ नेमके मुरलेले असे. या वाटेला ‘साबा काइदो’, म्हणजे बांगड्याचा रस्ता, असेच नाव पडले. त्या माशाची बांबूच्या पानात गुंडाळलेली सुशी आजही क्योतोच्या सणावारी घरोघरी येते.

नारा भागात सुशी खजुरीसारख्या गोड ‘काकी’ फळाच्या झाडाच्या पानांत बांधतात. आपण पानगी केळीच्या पानात करतो ना, तसा तो पानाचा वास भाताला लागतो. तोयामा स्टेशनावर गोल लाकडी डब्यात बांबूची पाने अंथरून दाबलेली माशाची सुशी १९१२ पासून विकली जाते, आणि गाडीत बसून ती केकसारखी कापून खातात. प्रवासात सुशी खाणे ही पर्यटकांची हौस नाही, तिचा तो मूळचा धर्म आहे.

आता माझी फजिती. क्योतोला पोचल्यावर मी ‘इनारी’ सुशी शोधून काढली. तळलेल्या सोयाबीनच्या पनीरची गोडसर पिशवी, आत आंबट भात. इनारी हे तिथले धान्याचे दैवत, आणि त्याच्या दूत असलेल्या कोल्ह्याला हे तळलेले पनीर आवडते म्हणे. मला तर फारच आवडले. चार दिवस सकाळ-संध्याकाळ खाल्ले. पाचव्या दिवशी भाची म्हणाली, ‘‘मावशी, त्या पिशव्या कशात शिजवतात माहीत आहे ना? दाशीत.’’ दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे पायाभूत पाणी. समुद्री वनस्पती आणि ट्यूनाच्या जातीतल्या सुकवून धुरवलेल्या माशाचे कीस उकळून ते करतात. दुकानदाराने मला फसवले नव्हते. मी विचारले होते, ‘‘यात मासा आहे का?’’ आणि त्याच्या दृष्टीने मासा नव्हताच. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. राग नेमका कोणावर काढावा हेही कळेना.

म्हणून परदेशी जाणाऱ्या शाकाहारी मुलांनो आणि पालकहो, प्रश्न नीट विचारायला शिका. ‘साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे मी मासे खात नाही. तेवढ्याने भागत नाही, पुढे ‘दाशी मो’, म्हणजे दाशीसुद्धा, हेही जोडावे लागते. काकडीची ‘काप्पामाकी’ त्यातल्या त्यात निर्धोक. काप्पा हा तिथल्या गोष्टींतला पाण्यात राहणारा खट्याळ प्राणी, त्याला काकडी फार आवडते. ‘कांप्यो’ची गुंडाळीही मिळते, आणि कांप्यो म्हणजे काय, तर आपल्या दुध्याच्याच जातीच्या गोल भोपळ्याच्या सोलून वाळवलेल्या लांब फिती! दुधीला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र त्याही कधीकधी दाशीत शिजवतात, विचारावे. बौद्ध मठांतल्या शाकाहारी जेवणात दाशी वनस्पती आणि अळिंबीची असते. क्योतोला ते जेवण मिळते, पण स्वस्त नसते.

मासे खाणाऱ्यांसाठी थोडे. निगिरी हाताने खाल्लेली चालते. सोया सॉस माशाच्या बाजूला लावावा, भात बुडवला की मुटका सुटतो. हिरवी ‘वासाबी’ नाकात झणझणते ती आपल्या फेसलेल्या मोहरीसारखी, आणि दोन्हींतला तो झणका एकाच रसायनाचा आहे. नको असेल तर ‘साबी-नुकि’ म्हणावे. सोबतचे आल्याचे लोणचे दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असते, सुशीवर पसरायला नाही. फिरत्या पट्ट्याच्या दुकानात टेबलावरच चहासाठी नळ असतो. त्यातून उकळते पाणी येते, हात धुवायला जाऊ नका! २०२३ मध्ये काही मुलांनी पट्ट्यावरच्या अन्नाशी केलेल्या घाणेरड्या खोड्यांच्या चित्रफिती पसरल्या आणि तेव्हापासून बऱ्याच दुकानांनी ताटल्या फिरवणे बंद करून मागणीप्रमाणे पाठवणे सुरू केले.

एक गैरसमज धोक्याचा आहे. सिरका, मीठ किंवा वासाबीने माशातले ‘अनिसाकिस’ नावाचे कृमी मरत नाहीत. ते मरतात नीट शिजवल्याने किंवा उणे २० अंश सेल्सियसला निदान २४ तास गोठवल्याने. म्हणून चांगली दुकाने मासा आधी गोठवतात. गोड्या पाण्यातला मासा कच्चा कधीच खाऊ नये. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले आणि आजारी माणसे यांनी कच्च्या माशापासून दूरच राहावे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बाजारातून आणलेला मासा घरी कच्चा खाण्याचा प्रयोग कोणीही करू नये, हे विज्ञान शिक्षिका म्हणून बजावून सांगते.

यंदाच्या आनंदमेळ्यात आठवीचा वर्ग काकडी आणि दुधीची सुशी करणार आहे. बासमती चालत नाही, तो सुटा होतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर हवा, शिजल्यावर चिकटणारा. एक वाटी तांदळाच्या गरम भाताला दोन मोठे चमचे सिरका, एक मोठा चमचा साखर आणि पाऊण लहान चमचा मीठ. हे लाकडी भांड्यात पसरून, पुठ्ठ्याने वारा घालत, न चिरडता कालवायचे. जपानी लोक यासाठी खास लाकडी पसरट भांडे वापरतात. आपल्याकडे ज्यांच्या माळ्यावर जुनी काटवट पडून असेल त्यांनी ती घासूनपुसून शनिवारपर्यंत शाळेत पाठवावी. समुद्री वनस्पतीचा काळा कागद महाग पडतो, म्हणून आम्ही मुटकेच करणार आहोत.

अलिबागच्या आजींनी सोडे पाठवायचे कबूल केले आहे. विश्वस्त मंडळींना विचारून घेतले आहे. सोड्यांचे टेबल वेगळे, चमचे वेगळे, आणि मासा कसा वाळवतात ते त्या टेबलापाशी उभी राहून त्यांची नात सांगणार आहे.